तारीख स्क्रीनवर येईपर्यंत तारीखच राहू दे

ताई, नमस्कार. मी एका छोट्या टीममध्ये मोबाइल ॲपवर काम करते, नोकरीला दोन वर्षं झाली. डॉक्टरांच्या भेटी ठरवायचं ॲप आहे. त्यात तारखांचा नुसता गोंधळ झालाय. भेटींच्या यादीत ०४/०७/२०२५ दिसतं, तीच भेट उघडली की ७ एप्रि, २०२५ आणि नोटिफिकेशनमध्ये २०२५-०४-०७. भाषा मराठी केली की काही ठिकाणी आकडे देवनागरी होतात, काही ठिकाणी इंग्रजीच राहतात. काही लोकांची तक्रार आहे की त्यांना भेट एक दिवस आधीची दिसते, आणि ती चूक माझ्या फोनवर काही केल्या दिसत नाही. तीन आठवडे मी एकेक स्क्रीन दुरुस्त करतेय. एक सुधारली की दुसरी बिघडते. आमचे सर म्हणतात, हा नुसता दिसण्याचा प्रश्न आहे, सवडीने बघू. पण एका आजींनी ०४/०७ म्हणजे ४ जुलै समजून एप्रिलची तपासणी चुकवली, ते माझ्या मनातून जात नाही. सुरुवात कुठून करू?
— तारखांत अडकलेली

प्रिय मैत्रिणी,

आजींची गोष्ट तुझ्या मनातून जात नाही, हे वाचून मला धीर आला. ज्याला ती सलते त्याच्याच हातून हे काम नीट होतं. पण आधी तुझ्या सरांचं बोलू, कारण त्यांनी वेळच दिला नाही तर मी पुढे लिहिलेलं सगळं कागदावरच राहील.

०४/०७ एवढंच बघ. महिना आधी लिहिणाऱ्याला ही ७ एप्रिल. दिवस आधी लिहिणाऱ्याला तीच ४ जुलै. दोघंही आपापल्या सवयीने बरोबर वाचतात आणि मध्ये ८८ दिवसांचं अंतर पडतं. वर्षात अशा तारखा किती असतात ते बोटांवर मोजता येतं. दिवसाचा आकडा १२ किंवा त्याच्या आतला असला की तो महिना म्हणूनही खपतो. बारा महिन्यांचे पहिले बारा दिवस म्हणजे १४४ तारखा. त्यातल्या १/१, २/२ अशा बारा कशाही वाचल्या तरी सारख्याच, त्या सोडल्या तर उरल्या १३२. म्हणजे वर्षाच्या ३६५ पैकी १३२ तारखा तुमच्या यादीत दोन अर्थांनी वाचता येतात. बाकीच्या तारखा डोळ्यांना खटकतील, पण फसवणार नाहीत. ही चूक टेस्टिंगमधून निसटते ती याचमुळे. टेस्टरने महिन्याच्या २५ तारखेला ॲप तपासलं तर ०४/२५ बघून तो 'उलटं लिहिलंय' एवढीच नोंद करतो, कारण पंचविसावा महिना नसतो हे त्याला ठाऊक असतं.

सरांकडे जाताना 'फॉरमॅट एकसारखे नाहीत' असं म्हणू नकोस. ते खरं असलं तरी त्याने कोणाला घाई होत नाही. एका भेटीची यादी, तपशील आणि नोटिफिकेशन, तिन्हींचे स्क्रीनशॉट एका पानावर शेजारी शेजारी लाव, खाली काही लिहू नकोस, आणि त्यांना एकच विचार: रुग्णाने कोणत्या दिवशी यायचं? डॉक्टरांच्या ॲपमध्ये तारीख हीच मुख्य माहिती असते. ती दोन अर्थांची असेल तर ॲपचं मुख्य कामच अर्धवट झालंय.

आणि परवानगीची वाट न बघता एक छोटी दुरुस्ती याच आठवड्यात कर. यादीत महिना अक्षरांत आण आणि वार जोड. 'सोम, ७ एप्रि' असं दिसलं की उलट वाचायला जागाच राहत नाही. वार मला फार मोलाचा वाटतो, कारण तारखेच्या बरोबर तिचा साक्षीदारही दिसतो. २०२५ मध्ये ७ एप्रिलला सोमवार होता, ४ जुलैला शुक्रवार. माणसाला तारीख चटकन लक्षात राहत नाही, पण 'मला तर शुक्रवारी बोलावलं होतं' हे राहतं. ज्या तारखेवर कोणाला काही करायचं आहे, यायचं आहे, भरायचं आहे, घ्यायचं आहे, तिथे महिना नुसत्या आकड्यात लिहू नये असं माझं ठाम मत आहे. जागा कमी पडते म्हणशील, तर वर्ष काढून टाक. चालू वर्षातल्या भेटीला वर्ष लिहिण्याची गरज क्वचितच असते.

आता मूळ दुखण्याकडे येऊ. तीन आठवडे तू ज्या स्क्रीनवर चूक दिसते ती स्क्रीन दुरुस्त करते आहेस. चूक मात्र बहुधा त्याआधीच, वाटेत कुठेतरी झालेली असते. तारखेचं स्ट्रिंगमध्ये, म्हणजे नुसत्या अक्षरांच्या माळेत, रूपांतर झालं की तिच्यातला अर्थ गळतो. '०४/०७/२०२५' या अक्षरांत महिना कोणता ते लिहिलेलं नसतं, टाइमझोन, म्हणजे कुठल्या प्रदेशाचं घड्याळ, तोही नसतो. पुढचं फंक्शन, म्हणजे कोडचा पुढचा तुकडा, ती स्ट्रिंग घेतं, अंदाजाने परत तारीख बनवतं, पुन्हा स्ट्रिंग करतं. अशा दोनतीन उलट्यापालट्यांनंतर शेवटच्या स्क्रीनवर काय उमटेल याचा भरवसा राहत नाही. म्हणून नियम एकच ठेव: सर्व्हरकडून आलेली तारीख आत शिरताच तारखेच्या ऑब्जेक्टमध्ये घाल आणि स्क्रीनवर उमटण्याच्या अगदी शेवटच्या पायरीला तिची अक्षरं कर. मधल्या सगळ्या वाटेवर ती तारीखच राहिली पाहिजे.

हा नियम कुठे मोडलाय ते शोधायला कोडमध्ये चक्क सर्च मार. फॉरमॅटरची, म्हणजे तारखेची अक्षरं करणाऱ्या साधनांची, नावं शोध, पण तेवढ्यावर थांबू नकोस. स्ट्रिंग कापणारी फंक्शनं शोध, आणि तिरप्या रेघेवर किंवा आडव्या रेघेवर तुकडे पाडणारा कोडही शोध. मी एकदा एका ॲपमध्ये चार दिवस फॉरमॅटर तपासत बसले होते. चूक निघाली ती एका ओळीत: कोणीतरी सर्व्हरकडून आलेल्या वेळेची पहिली दहा अक्षरं कापून तीच 'तारीख' म्हणून स्क्रीनवर टाकली होती. ती ओळ दिसायला इतकी साधी होती की रिव्ह्यूमध्ये कोणाच्या नजरेला खुपली नाही. तुझ्या नोटिफिकेशनमधलं २०२५-०४-०७ बघून मला तीच शंका येते. वर्ष आधी, मग महिना, मग दिवस ही आयएसओ ८६०१ ची मांडणी. हे मानक पहिल्यांदा १९८८ मध्ये आलं आणि यंत्रांनी एकमेकांशी बोलायला ते उत्तम आहे. त्याचा आणखी फायदा असा की अशा स्ट्रिंग नुसत्या अक्षरक्रमाने लावल्या तरी तारखांचा क्रम बरोबर येतो. पण तुझ्या ॲपमध्ये ते माणसाच्या डोळ्यांपुढे आलंय, याचा अर्थ बहुधा सर्व्हरची स्ट्रिंग कोणताही हात न लागता थेट बाहेर पडते आहे.

नोटिफिकेशनचं दुखणं जरा वेगळंही असू शकतं. पुष्कळदा तो मजकूर फोनवर बनतच नाही, सर्व्हरवर बनतो, आणि सर्व्हरला समोरच्या फोनची भाषा किंवा टाइमझोन ठाऊक नसतो. तिथे दोनच रस्ते आहेत. एक तर सर्व्हरने कच्ची तारीख पाठवायची आणि मजकूर फोनने जुळवायचा. नाहीतर ॲपने वापरणाऱ्याची भाषा आणि टाइमझोन सर्व्हरला कळवून ठेवायचे, आणि ते बदलले की पुन्हा कळवायचे. मला पहिला रस्ता बरा वाटतो, कारण दुसऱ्यात कळवायचं राहून गेलं की जुनीच माहिती वापरली जाते.

'एक दिवस आधी'ची तक्रार मात्र दिसण्याची नव्हे. इथे सावकाश वाच.

तुमच्या ॲपमध्ये सगळ्या तारखा एकाच प्रकारच्या आहेत असं धरून कोड लिहिलेला असणार. त्या नसतात. भेट नोंदवली गेली ती वेळ म्हणजे एक क्षण. तो साऱ्या जगात एकच असतो, फक्त घड्याळात वेगवेगळा दिसतो. जन्मतारीख म्हणजे एक दिवस. त्याला ना तास असतो ना टाइमझोन. कोणी दुसऱ्या टोकाच्या देशात राहायला गेलं म्हणून त्याची जन्मतारीख सरकत नाही. आणि डॉक्टरांची भेट ही तिसरीच जात: दवाखान्याच्या भिंतीवरच्या घड्याळात अमुक दिवशी सकाळी दहा. या तिन्हींना एकच साचा लावला की दिवस सरकणारच.

कसा सरकतो ते बघ. सर्व्हरने '७ एप्रिल' हा नुसता दिवस पाठवायचा होता, पण पाठवला '७ एप्रिल, रात्री शून्य वाजून शून्य मिनिटं, यूटीसी'. यूटीसी म्हणजे जगभरची प्रमाण वेळ. आता फोन त्याला क्षण समजतो आणि आपल्या घड्याळात बसवतो. यूटीसीच्या चार तास मागे असलेल्या फोनवर तो क्षण ६ एप्रिलच्या रात्री आठचा. स्क्रीनवर नुसती तारीख दाखवायची म्हणून वेळ गाळली, उरलं ६ एप्रिल. यूटीसीच्या पुढे असलेल्या फोनवर हीच चूक झाकली जाते, कारण तिथे तो क्षण ७ तारखेच्या पहाटेचा किंवा सकाळचा पडतो. तुझा फोन पुढच्या बाजूला असेल तर तुला ही चूक जन्मात दिसणार नाही.

पण उलट दिशेची चूक तुझ्याच फोनवर होऊ शकते. यूटीसीच्या साडेपाच तास पुढे असलेल्या फोनवर कोणी ७ एप्रिल निवडली. ॲपने त्या दिवसाची स्थानिक मध्यरात्र धरली आणि यूटीसीत बदलली: ६ एप्रिल, संध्याकाळी साडेसहा. सर्व्हरने वेळ कापून ६ एप्रिल साठवली. इथे दाखवण्यात काही बिघाड नाही, डेटाबेसमध्येच दिवस चुकीचा गेला. म्हणून तक्रार करणाऱ्यांना दोन गोष्टी विचार: फोन कोणत्या टाइमझोनवर होता, आणि भेट ज्या फोनवरून ठरवली त्याच फोनवर चुकीची दिसते का. पहिल्या चुकीत वेगवेगळ्या फोनवर वेगवेगळा दिवस दिसतो. दुसरीत सगळीकडे तोच चुकीचा दिवस.

जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेलं ॲप असेल तर आणखी एक खाच आहे. नुसती २०२५-०४-०७ अशी स्ट्रिंग दिली की ती यूटीसीतली मध्यरात्र धरली जाते; तिलाच टाइमझोन न लिहिता वेळ जोडली की स्थानिक धरली जाते. नुसती वेळ जोडली तरी अर्थ बदलतो. अँड्रॉइडवर मटेरियलचा डेट पिकर, म्हणजे तारीख निवडायचं तयार कॅलेंडर, वापरत असाल तर त्याकडूनही निवडलेल्या दिवसाची यूटीसीतली मध्यरात्र मिलिसेकंदांत मिळते. ते मिलिसेकंद फोनच्या टाइमझोनने उघडले की मागच्या बाजूच्या फोनवर आदला दिवस येतो. ते यूटीसीनेच उघडायचे आणि लगेच लोकलडेटमध्ये, म्हणजे नुसत्या दिवसात बदलायचे.

भेटीसाठी माझा सल्ला: दवाखान्याची स्थानिक तारीख, वेळ आणि त्याच्या टाइमझोनचं नाव, तिन्ही साठवा. नुसता यूटीसी क्षण साठवू नका. भविष्यातल्या भेटीला तो पुरत नाही, कारण टाइमझोनचे नियम सरकारं बदलतात. ब्राझीलने २०१९ मध्ये उन्हाळी वेळ, म्हणजे उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करायची पद्धत, बंद केली. तशा बदलाआधी पुढच्या उन्हाळ्यातली सकाळी दहाची भेट कोणी क्षण म्हणून साठवली असेल, तर ती बदलानंतर नऊची दिसू लागते. दवाखाना मात्र दहालाच बोलावतो.

आता आकड्यांची सरमिसळ. हे तुमच्या टीममधल्या कोणाच्या आळसामुळे झालेलं नाही, त्याला नेमकं कारण आहे. भाषांनुसार तारीख कशी लिहायची याची माहिती युनिकोडच्या सीएलडीआर नावाच्या साठ्यातून येते. अँड्रॉइड आणि आयफोन दोन्ही त्यावर चालतात. त्यात मराठीसाठी मूळ आकडे देवनागरी ठरवलेले आहेत, तर हिंदीसाठी इंग्रजी वळणाचे. त्यामुळे हिंदीत तपासून बरोबर वाटलेलं ॲप मराठीत वेगळं वागतं. त्यावर अँड्रॉइडची आणखी एक अडचण: जुना सिम्पलडेटफॉरमॅट भाषेचे आकडे घेतो आणि जावाचा नवा डेटटाइमफॉरमॅटर मुळात साधे इंग्रजी आकडेच वापरतो, वेगळं सांगितल्याशिवाय बदलत नाही. एका स्क्रीनवर जुना आणि दुसरीवर नवा असेल तर तुझ्या पत्रातलं चित्र हुबेहूब तयार होतं. आधी ठरवा की सगळ्या ॲपमध्ये आकडे कोणते. टोकन नंबर, फोन नंबर, रक्कम इंग्रजी आकड्यांत असेल आणि तारीख तेवढी देवनागरीत, तर वाचणाऱ्याला ते तुटक लागतं. मराठी स्क्रीनवर सगळंच देवनागरी असावं असं मला मनापासून वाटतं, पण अर्धं-अर्धं नको. जे ठरेल ते एकाच ठिकाणी लिहा आणि सगळ्या स्क्रीन तिथूनच घेऊ देत.

हेच आकडे सर्व्हरकडे जाताना मात्र घात करतात. फोन मराठीत असताना कोडने फोनचंच लोकेल, म्हणजे भाषा आणि प्रदेशाची सेटिंग, वापरून वर्ष-महिना-दिवस अशी स्ट्रिंग बनवली तर ती देवनागरी आकड्यांत जाते आणि सर्व्हर ती नाकारतो. त्या वापरणाऱ्याला फक्त 'काहीतरी चुकलं' असा संदेश दिसतो. यंत्रासाठी बनवलेल्या तारखेला फोनचं लोकेल कधी लावायचं नाही: अँड्रॉइडवर लोकेल रूट, आयफोनवर अमेरिकन इंग्रजीचं पॉझिक्स लोकेल, म्हणजे वापरणाऱ्याच्या सेटिंगने न बदलणारी लोकेल वापरायची. आयफोनवर हे न करण्याची आणखी शिक्षा अशी की वापरणाऱ्याने सेटिंगमध्ये बारा आणि चोवीस तासांची अदलाबदल केली तर तुझा ठरलेला पॅटर्न, म्हणजे तारखेचे भाग कसे लिहायचे ते सांगणारी अक्षरं, त्याबरोबर बदलू शकतो. आणि त्याने बौद्ध कालगणना निवडली असेल तर सर्व्हरकडे २०२५ ऐवजी २५६८ जातं.

माणसासाठी बनवलेल्या तारखेचं याच्या बरोब्बर उलट. तिथे स्वतः पॅटर्न लिहू नकोस. कोणते भाग हवेत तेवढं सांग, वार, दिवस, महिना अक्षरांत, आणि त्यांचा क्रम, स्वल्पविराम, आकडे हे सगळं लोकेलला ठरवू दे. दोन्ही प्लॅटफॉर्मवर त्याची सोय आहे. हाताने पॅटर्न लिहिला की एका भाषेत बरोबर आणि दहा भाषांत परकं दिसतं. शिवाय पॅटर्नमधली अक्षरं फसवी असतात. कॅपिटल एम म्हणजे महिना, स्मॉल एम म्हणजे मिनिटं; कॅपिटल डी म्हणजे वर्षातला कितवा दिवस. सगळ्यात घातक कॅपिटल वाय. ते वर्ष नव्हे, आठवड्याच्या हिशेबाचं वर्ष. २९ डिसेंबर २०२४ ला रविवार होता. अमेरिकन लोकेलमध्ये तो आठवडा १ जानेवारीला पोटात घेतो, म्हणून त्या दिवशी कॅपिटल वायने लिहिलेलं वर्ष २०२५ येतं. वर्षभर हा कोड गुणी बाळासारखा वागतो आणि डिसेंबरच्या शेवटच्या काही दिवसांत भेट थेट एक वर्ष पुढे ढकलतो. तुमच्या कोडमध्ये आजच शोध.

स्क्रीनवर दिसणाऱ्या तारखेची स्ट्रिंग वाचून तिची परत तारीख करणंही सोडून द्या. सीएलडीआरची माहिती वेळोवेळी सुधारत असते. ब्रिटिश इंग्रजीत सप्टेंबरचं तीन अक्षरी संक्षिप्त रूप एका सुधारणेत चार अक्षरी झालं. २०२२ च्या ४२ व्या आवृत्तीत इंग्रजी वेळेतल्या एएम-पीएमच्या आधीची साधी मोकळी जागा बदलून न तुटणारी अरुंद जागा आली. डोळ्यांना फरक कळत नाही, पण साध्या जागेची वाट बघणारा कोड त्या दिवसापासून वेळ वाचेना झाला. ज्यांनी अक्षरं फक्त दाखवायला ठेवली होती त्यांना काहीच झालं नाही.

'एक सुधारली की दुसरी बिघडते' यामागे आणखी एक कारण असू शकतं. फॉरमॅटर बनवणं महाग पडतं म्हणून तो एकदा बनवून स्टॅटिक, म्हणजे ॲप चालू असेपर्यंत तोच, ठेवायची पद्धत आहे. त्याच्यात तेव्हाचं लोकेल गोठून बसतं. वापरणाऱ्याने भाषा बदलली की स्क्रीन नव्याने रंगते, पण तो फॉरमॅटर जुन्या भाषेतच बोलत राहतो. ॲप पूर्ण बंद करून उघडलं की बरोबर होत असेल, तर हेच. भाषा बदलल्याची सूचना आली की तो टाकून नवा बनव. आणि कधीतरी, कारणाशिवाय, भलतीच तारीख दिसून गेली अशी तक्रार असेल तर सिम्पलडेटफॉरमॅट दोन थ्रेडमधून, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या दोन कामांतून, वापरला जातोय का ते बघ. तो तसा वापरण्यासाठी बनवलेलाच नाही.

आयफोनवर इंटरफेस मराठी असून महिन्याची नावं इंग्रजी येत असतील, तर ॲपच्या प्रोजेक्टमध्ये मराठी ही अधिकृत भाषा म्हणून नोंदवलेली आहे का ते पाहा. नोंद नसेल तर सिस्टिम ॲपला मराठी लोकेल देतच नाही, तुम्ही स्वतः भाषांतर दाखवत असलात तरी. अँड्रॉइड १३ पासून आणि आयओएस १३ पासून प्रत्येक ॲपची भाषा वेगळी ठेवता येते, त्यामुळे फोनची भाषा आणि ॲपची भाषा एकच असेल असं धरून चालू नकोस.

तपासणीसाठी तुझा स्वतःचा फोन विसर. त्याच्यावर सगळं तुझ्या सवयीचं आहे, म्हणून त्याला काही चुकलेलं दिसत नाही. एमुलेटरवर, म्हणजे संगणकावरच्या नकली फोनवर, टाइमझोन एकदा होनोलुलूचा ठेव, यूटीसीच्या दहा तास मागे, आणि एकदा ऑकलंडचा, बारा-तेरा तास पुढे. दोन्हीकडे एकच भेट, एकच जन्मतारीख उघड. लोकेल अमेरिकन इंग्रजी, ब्रिटिश इंग्रजी, मराठी आणि अरबी असे चार पुरेत. तारखा निवडताना डोकं लाव: ७ एप्रिल, कारण ती उलटते; ३१ डिसेंबर रात्री साडेअकरा, कारण तिथे वर्ष, टाइमझोन आणि कॅपिटल वाय तिन्ही एकदम उघडे पडतात; आणि २९ फेब्रुवारी. या तारखा ऑटोमेटेड टेस्टमध्ये लिहून ठेव, टेस्ट चालवणाऱ्या मशीनचा टाइमझोन मुद्दाम बदलून चालव. 'काल', 'आज' अशी लेबलं असतील तर तीही तपास; चोवीस तासांहून जुनं तेच 'काल' धरणारा कोड रात्री बारानंतर हमखास चुकतो.

इतकं झाल्यावर एक अवघड काम उरतं, आणि ते कोडचं नाही. उलट वाचलेल्या किंवा एक दिवस सरकलेल्या तारखा डेटाबेसमध्ये आधीच जाऊन बसल्या असतील. दिवस १२ च्या पुढचा असेल तर ती तारीख उलटलेली नाही एवढं कळतं. १२ च्या आतल्यांचं नुसतं बघून काही सांगता येत नाही. भेट नोंदवली तेव्हाची ॲपची आवृत्ती, फोनचं लोकेल, टाइमझोन हे लॉगमध्ये असेल तर काहींचा उलगडा होईल. पण कृपा करून एका क्वेरीने सगळ्या तारखा अंदाजाने फिरवू नकोस, कारण त्यातल्या काही मुळातच बरोबर असतील आणि त्या तुझ्या हाताने चुकतील. ज्यांचा उलगडा होत नाही त्यांची यादी काढ, त्यातल्या पुढच्या पंधरा दिवसांतल्या भेटी वेगळ्या कर, आणि दवाखान्याला सांगून त्या लोकांना फोन जाऊ दे: वार आणि महिन्याचं नाव घेऊन, तुमची भेट अमुक दिवशी आहे. हे काम नव्या रिलीजची वाट बघत थांबवू नकोस. आजींची चुकलेली तपासणी नव्याने ठरली का, तेही त्याच फोनमध्ये विचारून घे.

— तुझी ताई